पलीकडचा पाना

फिटरकाकू त्या घरी गेल्या त्या पाण्याची मोटर दुरुस्त करायला. काम किरकोळ होतं, बेअरिंग ओरडत होतं. घर संगीताच्या बाईंचं. बाईंनी जन्मभर शाळेत गाणं शिकवलेलं; आता डोळे अधू झाले होते, पण कान तिखट. काकूंनी मोटर चालू करताच त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अजून किंचित घरघरतेय, नाही?" आणि खरंच घरघरत होती.

हत्यारं गोळा करताना काकूंना घरामागच्या छपराखाली ताडपत्रीतून चाकाची कड दिसली. त्यांनी ताडपत्री उचलली आणि उभ्याच राहिल्या. एका सिलिंडरची जुनीपुराणी मोटरसायकल. टाकीचा रंग उडालेला, स्पोक गंजलेले, सीटच्या स्प्रिंगांत पाखराचं रिकामं घरटं. पण सांगाडा सुतासारखा सरळ.

"दादाची आहे," बाई दाराशी येऊन म्हणाल्या. "माझ्या थोरल्या भावाची. तो जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला हवीय का?"

काकूंनी घासाघीस केली नाही. बाईंनीही एकच अट घातली. "चालू झाली की मला ऐकवायला आणा."

आता काकूंना फिटरकाकू का म्हणत, तेही सांगायला हवं. वडील फिटर, त्यांच्या हाताखाली ही पोर परकर सावरत नट-बोल्ट ओळखायला शिकली. लग्नानंतर दुकान नवऱ्याच्या नावाचं, पण हात बायकोचे. नवरा माणूस बोलघेवडा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या त्याने आणि मोटर उघडायची हिने. कधी पाना धरायला बोलावलं तर धरायचा, पण लक्ष रस्त्यावर. पाना निसटायचा, काकूंची बोटं सोलायची. तो जाऊन पाच वर्षं झाली होती. दुकानाची पत्र्याची शेड अर्धी दिराच्या नावावर होती आणि दिराला तिथे गोदाम करायचं होतं.

गाडी हातगाडीवरून आली तेव्हा भाऊजी दारातच उभे. म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याकडे निघालेली ही चुकून इकडे वळली वाटतं."

"दोन महिन्यांत रस्त्यावर आणते."

"आणलीत तर या शेडचं पुन्हा नाव काढणार नाही. आणि नाही आणलीत तर?"

"तर किल्ली तुमच्या हातात."

बोलून गेल्या खऱ्या. पण काकूंचा स्वभावच तो. मोडेन पण वाकणार नाही.

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरला होता. त्यांनी प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं, आठ दिवस मुरू दिलं आणि मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकून मोकळा केला. रिंगा नव्या घातल्या. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची तार स्वतः गुंडाळली. टाकीत मूठभर नट टाकून ती घुसळली, तर तांबडं पाणी तीन बादल्या निघालं. कार्बोरेटरचं जेट केसाएवढ्या तारेने साफ केलं. रोज संध्याकाळी हात धुताना नखांत काळं राही आणि त्या काळ्याकडे बघून काकूंना बरं वाटे. असं काम कितीतरी वर्षांत हाताला लागलं नव्हतं. पंप दुरुस्त करणं वेगळं आणि मेलेलं इंजिन उठवणं वेगळं.

पहिल्यांदा ते घडलं तिसऱ्या आठवड्यात. दुपारचे दोन वाजले असतील. पत्रा तापून टिक्-टिक् वाजत होता. काकू इंजिन सांगाड्यात बसवत होत्या. इंजिनाला आरपार जाणारा एक लांब बोल्ट असतो. अलीकडे नट, पलीकडे डोकं. नट आवळायचा तर पलीकडचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवावं लागतं, नाहीतर बोल्ट नुसता गरगर फिरतो. माणूस एकटा असला की तो पलीकडचा पाना कुठेतरी अडकवून ठेवतो.

काकूंनी नट आवळला. छान घट्ट बसला. पाना खाली ठेवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पलीकडे पाना लावलाच नव्हता. तो बाकावर होता. त्यांच्या डोळ्यांसमोर.

त्या वाकून बघायला पलीकडे गेल्या. कुणी नव्हतं. बोल्टचं डोकं होतं, भिंत होती, आणि जळक्या ऑइलचा वास होता. दुकानात तसा वास असायचाच, म्हणाल. पण या इंजिनात अजून ऑइल पडलंच नव्हतं.

"गंजाने धरला असेल," काकू मोठ्याने म्हणाल्या. बोल्ट नवा होता, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी नट सैल केला. पुन्हा आवळला. यावेळी सावकाश, कान देऊन. बोल्ट जागचा हलला नाही. मग त्यांनी जरा जास्त जोर लावला तेव्हा पलीकडे अगदी किंचित... सैल पडल्यासारखं झालं आणि लगेच पुन्हा घट्ट. पाना धरून अवघडलेला माणूस पकड बदलतो ना, तसं.

काकूंच्या हातातला पाना खाली पडला. त्या बाहेर येऊन उन्हात बसल्या, घामाने भिजलेल्या, तरी हुडहुडी भरलेली. नवरा असेल का, असंही मनात येऊन गेलं. पण नाही. तो असा एकाग्र होऊन धरणारा नव्हता. जिवंतपणी नाही, मग मेल्यावर कुठून? त्यांना त्याही स्थितीत हसू आलं. मग कोण? गाडी ज्याची, तोच. बाईंचा दादा. त्याचाच जीव अडकला असणार गाडीत.

समोर भाऊजींचं घर दिसत होतं. खिडकीतून ते टेपने शेडचं मोजमाप घेताहेत, असं काकूंना उगाचच वाटलं. काकू उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि आत गेल्या.

"धरायचं तर धरा," त्या पलीकडच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या. "पण नीट धरा."

नीटच धरलं. पुढचे पंधरा दिवस काकूंनी असं काम केलं की वडिलांच्या हाताखालीही केलं नसेल. चाकाचे स्पोक ताणताना चाक डगमगलं नाही. क्लचची स्प्रिंग दाबताना ती अर्ध्या जोरात दबली. भीती गेली असं नाही. पाठीमागे कधी बघायचं नाही, एवढं त्या शिकल्या.

एकदा शेजारचा शिंपी डोकावला. "काकू, कमाल आहे! इंजिन बसवलंत? एकट्याने?"

"एकटीने," काकू म्हणाल्या. छाती फुगली होती. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, तर बाकावर नट, वॉशर आणि तो लांब बोल्ट. धुऊन, पुसून, ओळीने मांडलेले. इंजिन सांगाड्यात नुसतं टेकून उभं होतं.

काकूंना घाम फुटला. आणि त्याहून जास्त आला तो राग. त्यांनी बोल्ट घातला, नट लावला. यावेळी बोल्ट गरगर फिरत राहिला. पलीकडे कुणी नव्हतं. म्हणजे, होतं... पण धरत नव्हतं.

"बरं," काकू दात आवळून म्हणाल्या. पलीकडे पाना अडकवला आणि काम पुरं केलं. उरलेलं सगळं एकटीने केलं. अंगठा चेमटला, मनगट सुजलं, पण केलं. जळक्या ऑइलचा वास येत असलेल्या कोपऱ्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

मुदतीचा दिवस उजाडला. भाऊजी खुर्ची घेऊनच आले. टाकी चकाकत होती, सीटला नवं कातडं होतं. काकूंनी किक मारली. काही नाही. दुसरी. दहावी. प्लग काढून बघितला, ठिणगी निळी, टपोरी. पेट्रोल येत होतं. सगळं बरोबर होतं. पंचविसाव्या किकेला पाय लटपटू लागला.

"पुरे करा वहिनी," भाऊजी म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच काकूंना जास्त लागलं. "एकट्या बाईने इथवर आणली, हेच खूप झालं. चूक तुमची नाही."

काकू हँडल धरून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांचा हात, आणि एका शब्दावर अडला होता. वडील म्हणायचे, कामाची चोरी वाईट, पण श्रेयाची त्याहून वाईट. ते आठवलं आणि मान आपोआप खाली गेली.

"एकटीने नाही केलं, भाऊजी," त्या हलकेच म्हणाल्या. "दोघांनी केलंय. पाना धरायला... होतं कुणीतरी."

त्यांनी किक मारली. एकच.

धड्. धड्. धड्-धड्-धड्. पत्रे थरथरले. शिंपी सुई टाकून धावत आला. तो आवाज जमिनीतून निघून तळपायात शिरत होता, जाड, संथ, एकेक ठोका मोजून घ्यावा असा. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. भाऊजी खुर्चीतून उठले होते. त्यांचेही डोळे भरले होते.

"दादा असणारच तुमच्याबरोबर," ते म्हणाले. त्यांना आपला भाऊ अभिप्रेत होता. काकूंनी त्यांचा समज मोडला नाही. भाऊजींनी खुर्ची उचलली. म्हणाले, "शेड तुमची, वहिनी." आणि गेले.

काकूंनी पदर खोचला आणि गाडी रस्त्यावर काढली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. फाट्यावरच्या पोलिसाने बाकीची वाहनं थांबवून त्यांना आधी सोडलं. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात काकूंची मान इतकी ताठ कधी नव्हती.

संगीताच्या बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आवाज गल्लीच्या टोकाशी असतानाच त्या उभ्या राहिल्या.

"बंद करू नका," त्या म्हणाल्या. "राहू दे चालू. आत बसून ऐकू. खर्जातला सा आहे हो... अगदी स्थिर."

गाडी फाटकापाशी स्टँडवर धडधडत राहिली आणि दोघी आत बसल्या. बाईंनी चहा ओतला.

"तुमच्या दादांच्या हाताला फार चांगलं वळण होतं," काकूंनी धीर करून विषय काढला. "कामातलं."

बाई हसल्या. "दादाच्या? अहो, त्याला घरातला दिवा बदलता येत नव्हता."

"मग गाडी कोण बघायचं?"

"कुणीच नाही. आणली तेव्हाच बंद होती. पुस्तक वाचून दुरुस्त करीन म्हणाला. चार दिवस मागे बसला. पाचव्या दिवशी ताडपत्री टाकली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही."

काकूंनी कप बशीत ठेवला. "का?"

"मला म्हणाला, धाकटे, मी पाना लावला की पलीकडून कुणीतरी धरतं. मी हसले. काम जमलं नाही म्हणून सबब सांगतोय, वाटलं. विकणाऱ्याकडेही जाऊन आला होता तो. आधी कुणाची म्हणून विचारायला. तर तो म्हणाला, माझ्याकडेही ती बंदच आली."

बाहेर इंजिन संथ चाललं होतं. मग त्याचा वेग थोडा वाढला, कुणीतरी मूठ किंचित पिळून ऐकावं तसा. पुन्हा उतरला. मग एक लांब, हलका फुस्कारा, आणि शांत.

"बंद पडली...?" काकू पुटपुटल्या.

बाईंनी मान कलती केली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पडली नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "केली."

काकू बाहेर आल्या. गल्ली दोन्ही टोकांपर्यंत उन्हात रिकामी होती. गाडी स्टँडवर सरळ उभी. टाकीखालची पेट्रोलची चावी बंद केलेली होती. गरम इंजिन जाणत्या माणसाने जसं निगुतीने बंद करावं, तसं.

घरी तर जायचंच होतं. काकूंनी केस बांधले, एक खोल श्वास घेतला आणि चावी उघडायला हात पुढे केला. बोटं अजून वीतभर लांब होती, तोच ती सावकाश फिरली आणि उघडली.