चौकटीच्या दगडातला लाल

वर्षातला तो एक आठवडा माझ्या जिवावर यायचा. बिअरचा रांजण पालथा, आंबवणाचं मडकं घासूनपुसून उन्हात आणि ताटात चामड्यासारखी चिवट, बिनआंबवलेली भाकरी. मी पडलो मिसरी माणूस. आमच्याकडे बिअरशिवाय जेवायला बसणं म्हणजे सुतक. पण बायको यहुदी केली होती, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं.

"सातच दिवस तर आहेत," सल्लुआ म्हणायची. "मरत नाहीस."

"मेलो नाही म्हणून तर बोलतोय."

माझं नाव पाखनुम. नाईल नदीतल्या येब बेटावर, ख्नुमच्या देवळात मी पाथरवट होतो. ख्नुम म्हणजे मेंढ्याच्या तोंडाचा आमचा देव, चाकावर माणसं घडवणारा. त्याच्या देवळाला लागूनच यहुद्यांच्या याहोचं देऊळ. दोघांच्या मधली गल्ली इतकी अरुंद, की भरलं गाढव आत शिरलं तर मागे मागेच बाहेर काढावं लागे. माझे सासरे गदुल इराणी सम्राटाच्या शिबंदीतले जुने शिपाई. त्यांचे पणजोबाही याच बेटावर पहारा देत आले होते.

सणाच्या त्या आठवड्यात गदुल दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे. त्यांच्या पूर्वजांनी आमच्या राजासाठी विटा कशा थापल्या, गवताचा भुसा मिळेना तेव्हा फटके कसे खाल्ले, मरण दारोदार फिरलं त्या रात्री दाराला कोकराचं रक्त लावून ते कसे वाचले आणि मिसरी घरांतले पहिले मुलगे कसे वाचले नाहीत. पहाटे ते इथून निघून गेले.

मी दरवर्षी खोडी काढायचो. "सासरेबुवा, एवढा आटापिटा करून गेलात, मग परत कशाला आलात?"

"पगार बरा होता, जावईबापू."

"आणि तुमच्या पुढाऱ्याचं नाव? मोशे. ते तर आमच्याकडचं."

"नाव तुमचं, जीभ तुमची, विटाही तुमच्याच. पाय तेवढे आमचे होते."

एकदा मी त्यांना सांगितलं, की थीब्सला एका जुन्या राजाची शिळा मी डोळ्यांनी पाहिली आहे. इस्राएलाचं बीजही उरलं नाही, असं तिच्यावर कोरलंय. मला वाटलं म्हातारा चिडेल. त्याने भाकरीचा तुकडा तोडून माझ्या मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "कोरणाऱ्याला मजुरी मिळाली ना? मग झालं तर."

मला हे लोक फार आवडायचे, हे सरळच सांगतो. आमचा राजा जिंकला की भिंतीवर कोरतो आणि हरला की गप्प बसतो. हे लोक मात्र स्वतःची गुलामी पोराला मांडीवर घेऊन सांगतात, तीही मालकाच्या देशात बसून, मालकाच्या भाषेतले शब्द वापरून. इतकी ताठ मान मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

त्या वर्षी आम्ही सासऱ्यांच्या घरातून स्वतःच्या घरात आलो होतो. गल्लीत एका बाजूला यहुदी घरं, दुसऱ्या बाजूला आमची मिसरी. आमचं घर मिसरी बाजूला, दार मावळतीकडे. भिंती मातीच्या विटांच्या, पण चौकटीचा वरचा दगड मी पश्चिम काठच्या खाणीतून स्वतः फोडून आणला होता. वालुकाश्माचा एकसंध, फिकट, बिनडागाचा ठोकळा. त्याचं अंग न् अंग मला ठाऊक होतं.

सणाच्या दिवशी दुपार कलली तेव्हा सल्लुआ याहोच्या देवळातून वाडगा घेऊन आली आणि झुडपाच्या जुडीने तिने चौकटीला रक्त लावलं. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा, वरच्या दगडावर एक.

"बाबांकडे ठीक होतं," मी म्हणालो. "इथे कशाला? मी मेंढ्याच्या देवाचा नोकर आहे."

"हापूसाठी." हापू माझा मुलगा, पहिल्या बायकोचा. ती बाळंतपणात गेली. सल्लुआने त्याला कडेवर वाढवलं होतं. "तो तुझा पहिला. मिसरी आईच्या पोटचा. गोष्टीत कोणाची मुलं गेली ते तुला पाठ आहे."

"मीही माझ्या आईचा पहिलाच आहे."

"तू जून झालास. तुझं तू बघ."

आम्ही हसलो. तेवढ्यात आमचा मुकादम पेतोसिरी गल्लीतून आला, दारापाशी थबकला आणि त्याचा चेहरा उतरला.

"पाखनुम, उद्या मिरवणुकीत देवाची नाव खांद्यावर घेऊन याच गल्लीतून न्यायची आहे. आणि तुझ्या दारावर कोकराचं रक्त?"

"बायकोची रीत आहे, मुकादम."

"बायकोची रीत चुलीपाशी. उद्या हे दिसलं तर देवळाच्या कामावर येऊ नकोस. मी सांगितलं नाही असं म्हणू नकोस मग."

तो गेला.  सल्लुआ आत हापूजवळ गेली आणि भाकरी भाजू लागली.

मी विचार केला, गोष्ट ती गोष्ट आणि पोट ते पोट. बाजूच्या पट्ट्यांवर ओला चिखल सारवला. वरचा दगड मात्र धुऊन निघेना, वालुकाश्म रक्त पितो. मग मी छिन्नी आणि मोगरी आणली. आमच्या देशात एखाद्याला संपवायचं असेल तर त्याचं नाव दगडावरून तासून काढतात. पृष्ठभाग गेला की माणूस गेला. मी राजांची नावं काढली होती, त्यापुढे एका डागाची काय कथा?

पहिला पापुद्रा सुटला. खाली तोच पट्टा, त्याच जागी, तेवढाच लांब.

मुरलं असेल, म्हटलं. आणखी खोल गेलो. कपच्या पायाशी पडत होत्या, आणि त्याही आतून लाल. बोटभर दगड निघाला तरी पट्टा फिका झाला नाही. उलट अधिक ताजा दिसू लागला. जुडीच्या काडीने ओढलेली एक बारीक रेघसुद्धा जशीच्या तशी होती.

आतून सल्लुआचा आवाज आला. "हापूचं अंग तापलंय."

"उन्हात खेळला असेल."

"सकाळपासून तो घरातच आहे."

मी मोगरी मारत राहिलो. आता हट्टाने. हा ठोकळा मी डोंगरातून फोडला होता. जगाच्या आरंभापासून त्याच्या पोटात कोणी हात घातला नव्हता.

मग कुत्री गप्प झाली. संध्याकाळी आमच्या गल्लीत कुत्र्यांचा नुसता उच्छाद असतो. आधी टोकाकडची थांबली, मग मधली, मग आमच्या दाराजवळची. ती भिंतीला अंग चिकटवून बसली होती, शेपट्या पायात.

आपलं काम संपण्याची वाट बघत कोणी पाठीशी उभं राहिलं की पाथरवटाला कळतं. उजेड बदलतो. मावळतं ऊन माझ्या पाठीवर होतं आणि दगडावर माझी सावली. तिच्या शेजारी दुसरी आली. उंच, स्थिर.

मी वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती.

पुन्हा दगडाकडे पाहिलं. सावली होती.

"हात खाली घे," सल्लुआ दारातून अगदी हळू म्हणाली. "आत ये."

मी छिन्नी उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेलो. हापू तिच्या मांडीवर होता, ओठ कोरडे, डोळे उघडे. तो दाराकडे बघत होता. मी त्याचा पाय हातात धरला. एवढा भिऊन मी कशालाच धरलं नव्हतं. दाराच्या फटीतला उजेड गेला आणि तसाच राहिला. बाहेर कोणी चौकटीचा दगड हाताने चाचपावा तशी वाळू भुरभुरत उंबऱ्यावर पडली.

मग उजेड परत आला.

आमच्या दाराजवळची कुत्री भुंकू लागली, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाची, ख्नुमच्या देवळाच्या बाजूची, गप्प झाली. सल्लुआने हापूच्या कपाळावर हात ठेवला आणि रडू लागली. कपाळ गार होतं, घामाने ओलं. त्याने भाकरी मागितली.

सकाळी पेतोसिरी आला. रात्रभर जागा असावा.

"देवाची नाव निघणार नाही," तो म्हणाला. "देवळातल्या मेंढ्याचं पहिलं कोकरू गेलं. पुढे जे देव व्हायचं होतं ते. काल संध्याकाळी ठणठणीत होतं रे, माझ्या हातचा चारा खाल्ला त्याने. त्याला दगडी पेटी हवी. लहानशी."

"करतो."

तो जाईना. त्याची नजर माझ्या चौकटीवर होती, तिथे लाल पट्टा सकाळच्या उजेडात स्वच्छ दिसत होता.  मग खाली बघत म्हणाला, "पाखनुम, काल काढलेल्या कपच्या कुठे टाकल्यास? माझा पहिला मुलगा... गेल्या पुरातच झालाय."

मी दाराशेजारी पाहिलं. ढीग नव्हता. नजर वर गेली, तर आमच्या बाजूच्या सगळ्या मिसरी घरांच्या चौकटींवर नदीच्या चिखलात चिकटवलेला एकेक लाल तुकडा. बायका दारात उभ्या होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

सल्लुआ बाहेर आली. तिने पदराची गाठ सोडून एक कपची काढली आणि मुकादमाच्या हातावर ठेवली.

"दाराच्या वर लाव," ती म्हणाली. "बाहेरच्या अंगाला."

"बाई, मी काल तुझ्या दाराला..."

"जा. पोर घरी एकटं नको."

त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि तो धावत गेला. बायकोपुढे माझी मान खाली गेली, आणि ती आपली आहे या विचाराने ऊर भरून आला.

दुपारी देवळाच्या आवारात मी पेटीला हात घातला. ठोकळा मुद्दाम निवडला होता. खाणीत माझ्या चौकटीच्या दगडाला लागूनच सुटलेला, एकाच पोटातला. पोकळी कोरताना मी प्रत्येक थराखाली बघत होतो. हवी होती त्यापेक्षा खोल गेलो. आणखी खोल. शेवटी तळ फुटला आणि छिन्नी पलीकडे निघाली.

दगड आरपार कोरा होता. इथे लाल काहीच नव्हतं, आणि मीही माझ्या आईचा पहिलाच होतो.

मी मान वर केली. आवारातली कुत्री भिंतीला चिकटून बसली होती. ती कधी गप्प झाली, ते मला कळलंच नव्हतं.