मधल्या खोलीतला प्लग

दोष फिक्रींचा, म्हणजे बापाचा, होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शुब्रा मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत विचाराल तर लोक हाझिमचं नाव घेतील. शिक्षण अर्धवट सोडलेला पोरगा, बापाचं ऐकत नव्हता, नको तिथे हात घातला, असं सांगतील. वडीलधाऱ्यांची ही एक सोय असते. आपण करून ठेवलेल्यावर ते चादर टाकतात, आणि पुढे जो चादर ओढेल तो गुन्हेगार.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. हाझिमला आपल्या खोलीत इंटरनेट हवं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, आगगाडीच्या डब्यासारखं लांब. रस्त्याच्या बाजूला दिवाणखाना, पार मागे हाझिमची खोली, मध्ये अंधारा बोळ. फोनची तार दिवाणखान्यात उतरली होती म्हणून राउटर तिथे, आणि दिवाणखान्याला कुलूप. आत सोनेरी पायांच्या खुर्च्या, त्यांच्यावर पांढरी कापडं, काचेच्या कपाटात कुणाच्याही ओठांना न लागलेले कप. सगळं पाहुण्यांसाठी. चार वर्षांत एक पाहुणा फिरकला नव्हता, पण किल्ली फिक्रींच्या झग्याच्या खिशातून कधी बाहेर आली नाही. जुन्या जाड भिंती ओलांडून हाझिमच्या खोलीपर्यंत पोचता पोचता वायफायचा जीव जायचा.

"बाबा, मंगळवारी फक्त दोन तास दिवाणखान्यात बसू द्या. परीक्षा आहे."

"तिथे पाहुणे बसतात."

"कुठले पाहुणे?"

"आले तर?" फिक्री म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तीस वर्षं शिक्षण खात्यात तपासनीस म्हणून काढलेला माणूस. प्रश्न विचारायची सवय, उत्तर द्यायची नाही.

परीक्षा दुबईतल्या एका विमा कंपनीची होती. घरी बसून दावे तपासायचे, पहिली पाच वर्षं करार, मग व्हिसा. पदवी मागत नव्हते, म्हणून तर हाझिमने अर्ज केला. कॉमर्सचं तिसरं वर्ष सोडल्यापासून जाहिरातीत 'पदवीची अट नाही' असे शब्द त्याने पहिल्यांदाच वाचले होते. अटी मात्र कडक. दीड तास कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, लाइन तुटली की परीक्षा बाद. पुन्हा संधी नाही.

शाळेतला मित्र बिशोय याचं चौकात मोबाइलचं दुकान होतं. त्याने डबीएवढं एक पांढरं यंत्र काउंटरवर ठेवलं.

"एक्स्टेंडर. राउटरची रेंज पकडतो आणि पुढे ढकलतो. पण पाशासाहेब, हा अर्ध्या वाटेवर लाव. आपल्या खोलीत लावशील, कारण तू आळशी आहेस. तिथे त्यालाच काही मिळत नाही, तर तो तुला काय वाटणार?"

"अर्ध्या वाटेवर म्हणजे आत्याची खोली."

"मग तिथे लाव."

"तिथे एकच प्लग आहे. त्याला रेडिओ आहे."

बिशोयने मान वर केली. "अजून चालू आहे तो? आम्ही शाळेत असताना जिन्यात ऐकू यायचा."

अजून चालू होता. इनायत आत्या, फिक्रींची थोरली बहीण, लग्न न झालेली, त्या मधल्या खोलीत राहायची. तिला नसांचा आजार होता, एवढंच घरात सांगितलं जायचं. ती जाऊन सात वर्षं झाली. तिच्या खोलीत रात्रंदिवस रेडिओवर कुराणपठण चालू असायचं, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिकडे लोक दुकान बंद करून गावाला गेले तरी रेडिओ चालू ठेवून जातात. रिकामी जागा रिकामी राहू नये म्हणून. हाझिमनेही कधी विचार केला नव्हता. रेडिओ आत्या जिवंत असतानाही चालू असायचा, आणि तेव्हा तो पुष्कळ मोठ्याने असायचा, हे त्याला आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि विचार करणं वेगळं.

मंगळवार उजाडला. आई त्याच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी इस्माइलियाला गेलेली. फिक्री दहा वाजता कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळायला बाहेर पडले. जाताना बोळात थांबून म्हणाले, "तिच्या खोलीत जाऊ नकोस."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

एवढंच. जन्मभर त्या माणसाने मुलाला याच तीन शब्दांवर वाढवलं. त्या दिवशी आणखी चार शब्द बोलला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

हाझिमने दार ढकललं. बाहेर जूनचं ऊन होतं, आत खिडकीच्या लाकडी झडपा खिळे ठोकून बंद केलेल्या. कापूर, जुनं खोबरेल, आणि त्याखाली आंबूस काहीतरी, बरेच दिवस न धुतलेल्या उशीसारखं. लोखंडी पलंगावर गादी नव्हती. कपाटावर रेडिओ, त्याची वायर पलंगामागून भिंतीतल्या प्लगात. हाझिम गुडघ्यांवर बसला. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर दोन ठिकाणी रंग पार घासून गेला होता, खालचं लोखंड चकचकीत दिसत होतं. त्याने ते पाहिलं, आणि प्लग ओढला.

पठण मध्येच थांबलं.

त्या घरातली शांतता त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आधी वाटलं, कानांत दडे बसले. मग लक्षात आलं की शांतता पूर्ण नाही. कुठेतरी फार बारीक, कुणीतरी खूप वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तसं... पण चौकातून एक ट्रक गेला आणि ते विरून गेलं.

एक्स्टेंडर लावला. दिवा लाल झाला, लुकलुकला, हिरवा झाला. आपल्या खोलीत जाऊन पाहतो तो रेंज भरलेली. इतक्या वर्षांत त्या खोलीत काही पोचलं नव्हतं.

अकरा वाजता परीक्षेवर नजर ठेवणारी बाई पडद्यावर आली. अम्मानहून बोलत होती, नाव सुहैर. तिने सगळी खोली कॅमेऱ्यात दाखवायला लावली. चार भिंती, दारामागे, पलंगाखाली.

"एकटे आहात?"

"एकटाच."

"दार आतून लावा. सुरू करा."

पहिली वीस मिनिटं छान गेली. हाझिमला उत्तरं येत होती. ज्याला घरात सगळे नालायक म्हणतात त्याला उत्तरं येतात तेव्हा फार बरं वाटतं, आणि तो पहिल्या पगारात काय काय करील हेही मनात मोजून बसला. मग ठक्. बोळाच्या बाजूने. लोखंडावर लोखंड आपटावं तसं. थोडं थांबून पुन्हा. वाटलं, शेजारी नळाचं काम चालू असेल. पण आवाज जागेवर राहीना. आधी मधल्या खोलीत, मग बोळाच्या भिंतीत, मग त्याच्या पाठीमागच्या भिंतीत.

पडद्यावर सुहैर पुढे झुकली. "आवाज कसला येतोय?"

"शेजारी..."

"ठीक आहे. चालू ठेवा."

त्याने पुढचं उत्तर लिहिलं. त्याच्या पाठीमागे स्प्रिंगा कुरकुरल्या. पलंग त्याचाच होता. कुणी बसलं की कसा वाजतो हे त्याला झोपेतही ओळखता आलं असतं. आंबूस वास खोलीत आला होता.

"हाझिम," सुहैर हळू म्हणाली, "नियम माहीत आहे ना. त्यांना बाहेर जायला सांगा."

"कुणाला?"

"तुमच्या मागे बसल्या आहेत त्यांना."

तो वळला. पलंग रिकामा. चादर मात्र काठाजवळ दबलेली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात त्याने स्वतःचं चित्र पाहिलं. त्यातही तो एकटा.

"इथे कुणी नाही."

सुहैर पडद्याच्या आणखी जवळ आली. तिचा चेहरा बदलत गेला. मग तिने आवाज अगदी खाली आणला, शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसा.

"त्यांचे हात बांधलेले का आहेत... तुम्हाला बोलता येत नसेल तर नुसती मान हलवा. मी कुणाला तरी कळवते."

हाझिमने मान हलवली नाही. पडदा काळा झाला, आणि त्यावर एक ओळ उमटली: परीक्षा रद्द.

फिक्री अर्ध्या तासाने परतले. जिन्यातच त्यांची पावलं थबकली. रोजचा आवाज येत नव्हता ना. मग तो एरवी गुडघ्यांच्या नावाने रडणारा माणूस धावत वर आला, बूट न काढता बोळातून गेला, आणि हाझिमने पाहिलं की बाप जमिनीवर ओणवा होऊन प्लग शोधतो आहे. एक्स्टेंडर उपटून फेकला. रेडिओ लावला. पठण सुरू झालं तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला.

"तिचे हात बांधत होतात?" हाझिमने विचारलं.

फिक्री रेडिओची वायर पलंगामागे सारत राहिले.

"बाबा. हात बांधत होतात?"

"मऊ रुमालाने," फिक्री म्हणाले. "तुझ्या आजीच्या. रेशमी होता."

"किती दिवस?"

"दिवस कसले... ती बाहेर पळायची, हाझिम. डोक्यावर काही न घेता, जिन्यात. तुझ्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. लोक काय म्हणाले असते."

"आणि रेडिओ?"

"ती हाका मारायची."

"कुणाला?"

फिक्री उठले आणि त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. "सगळ्यांना. तुलाही. तू लहान होतास, तुला कळलं नसतं." मग त्यांनी कपडे झटकले, आणि चेहऱ्यावर तोच तपासनिसाचा आव आला. "थांबलं ना आता? झालं तर मग. तुझ्या त्या इंटरनेटपायी हे सगळं. सांगितलं होतं आत जाऊ नकोस."

हाझिमने बापाकडे पाहिलं. भीती केव्हाच ओसरली होती. आत नुसती शिसारी होती. एका बाईला मरेपर्यंत खाटेला जखडलं, पवित्र शब्दांची भिंत करून तिच्यापुढे उभी केली, आणि अजून याला वाटतं की रुमाल रेशमी होता म्हणून आपण भले. ज्या शब्दांनी लोक आपल्या मेलेल्यांना शांत करतात ते याने जिवंत माणसाचं तोंड दाबायला वापरले. आणि समोर उभा राहून विचारतो, थांबलं ना?

त्याने पिशवी भरली आणि तो बिशोयकडे राहायला गेला.

पण थांबलं नव्हतं. महिन्याभराने बिशोयच्या दुकानाच्या माळ्यावरून त्याने दुसऱ्या एका कंपनीला मुलाखत दिली. समोरच्या माणसाने पाच मिनिटांत विचारलं, "तुमच्या आईंना बसायला खुर्ची देता का? मघापासून उभ्या आहेत." हाझिमने लॅपटॉप मिटला. तिसरी मुलाखत अलेक्झांड्रियातल्या एका भाड्याच्या खोलीबाहेर, समुद्रासमोर, उघड्या गच्चीत पाठ कठड्याला लावून दिली. मागे फक्त आकाश होतं. रियाधचा अधिकारी सभ्य माणूस. तो बोलता बोलता थांबला आणि हसून म्हणाला, "आधी त्यांना तुमच्या खांद्यावरचे हात काढू द्या, मग बोलू."

"हात..." हाझिम म्हणाला. "मोकळे आहेत?"

"म्हणजे?" तो माणूस म्हणाला. "दोन्ही मोकळे आहेत. एक आता तुमच्या गळ्याशी आहे."

हाझिमने चौथा अर्ज केला नाही. दुबईची नोकरी गेली, रियाधची गेली. सध्या तो ओबूरच्या घाऊक बाजारात कांद्याची पोती उतरवतो आणि फोटो काढू देत नाही.