दोन मिनिटांची माफी

त्सिलाविनाला कुणीतरी सांगायला हवं होतं, की इंग्रजी बोलताना आधी माफी मागत बसायचं नसतं. आमच्या मादागास्करात, इथं अंत्सिराबेत, पुरुष चारचौघांत बोलायला उठला, की वडीलधाऱ्यांच्या आधी तोंड उघडल्याची माफी मागतो, मग त्यांच्या पूर्वजांची. लग्नकार्यात शोभतं ते. पण संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात स्वतःची गोष्ट सांगायला बाई दोनच मिनिटं देतात, मग घंटा वाजवतात. हा माफीतून बाहेरच येत नसे.

बाकीचे पुरुषही तसलेच. आम्ही बायका उभ्या राहतो आणि सांगून टाकतो — कोण भेटलं, काय म्हणालं, मी काय सुनावलं. मी बासष्टाव्या वर्षी शिकतेय. चुकते, पण अडत नाही.

माझी नात वुआहिराना भरतकाम करते. सोमवारी वर्गात ती बोलायला उठली. "गारा पडत होत्या," ती म्हणाली. "दुकानापुढे एक हातरिक्षा होती, एका चाकाची. मी त्या रिक्षेत शिरले. दुकानवाला बाहेर भिजत, माझ्यावर ताडपत्री धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते... मला तो आवडला."

आणि सगळ्यांदेखत त्सिलाविनाकडे बघत खाली बसली. रिक्षादुरुस्तीचं दुकान त्याचंच.

मग त्याची पाळी. माफी... घंटा. बुधवारी पुन्हा माफी, पुन्हा घंटा. इकडे शुक्रवारी अंबोसित्राहून तिला मागणी घालायला माणसं येणार होती. तो बोलला नाही तर त्यांना होकार देईन, असं तिनं मला बजावलं. एकटीनंच किती दिवस सांगत राहायचं?

गुरुवारी तो उठला. वयानं मोठे असलेल्यांनी मला... झालं सुरू. ती पेन्सिल पिशवीत टाकू लागली.

मी उभी राहिले. म्हटलं, इथं सगळ्यांत थोरली मी. माझी, माझ्या पूर्वजांची, सगळ्यांची माफी दिली तुला. बोल आता.

तो तिच्याकडे वळला. मग अडखळत म्हणाला, "गारा थांबल्या... मला वाईट वाटलं. ती घरी गेली. त्या रिक्षेला मी अजून दुसरं चाक लावलं नाही."

वुआहिरानानं पेन्सिल पिशवीतून परत काढली. मान खाली घालून ती नुसती हसली — आणि ते हसू त्यानं पाहिलं.

वर्ग सुटल्यावर तो माझ्यापुढे आला. उद्या सकाळीच वडिलांना मागणी घालायला पाठवतो म्हणाला.

"पाठव की," मी म्हटलं. "पण बोलायला आईला आण, बाबा. तुझ्या वडिलांची माफी मागून होईपर्यंत ती अंबोसित्राची माणसं माझी पोरगी घेऊन जातील."