हंबरणारी अस्वलं

सूलच्या जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर बर्फ गोठला होता, आणि माझ्यापुढे चढणारा उंच माणूस सपशेल घसरला. कठडा धरून तो कसाबसा सावरला. पण त्याच्या हातातलं पुठ्ठ्याचं खोकं माझ्या पायाशी येऊन पडलं आणि… हंबरलं. गोठ्यातल्या गायीसारखं, लांबलचक.

"घाबरू नका," तो म्हणाला. "अस्वल आहे."

"अस्वल?"

"हो ना. तोच तर सगळा खटला आहे."

मी हसू दाबायला गेले, ते नाकातूनच फुटलं. त्याच्या टोपीवर बर्फ, भुवयांवर बर्फ, आणि त्याखाली स्वतःच्या फजितीची मनापासून मजा घेणारे डोळे. अशा डोळ्यांपासून सावध राहावं, असं माझी आई म्हणायची. आईचं मी फारसं कधी ऐकलं नाही.

आत गेलो तर दारवान म्हणाला, बर्फामुळे न्यायाधीशबाईंची गाडी वाटेत अडकली आहे, आजची सगळी कामं उद्यावर. डोंगरातल्या बसगाड्याही बंद. म्हणजे मला इल्मेनाऊला परतता येत नव्हतं आणि त्याला झोनेबर्गला. समोरच्या खानावळीत गरम बटाट्याचे गोळे आणि रस्सा मिळत होता. दोघांनी एकाच टेबलाशी बसावं हे कुणी ठरवलं नाही… आपोआप झालं.

तो लोथार आइखहॉर्न. खेळण्यांच्या कारखान्यात अस्वलांच्या पोटात आवाजाचे छोटे डबे बसवायचा. खटल्याबद्दल सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मी थांबवलं. म्हटलं, मी इथे पंच म्हणून आले आहे. आमच्याकडे न्यायाधीशाच्या शेजारी कामगारांतून निवडलेले दोन पंच बसतात, आणि निकालात तिघांचं मत सारखं मोजतात. एरवी मी कारखान्यात थर्मामीटर तपासते, पण वर्षातले दोन आठवडे माझे कोर्टाचे.

"कुठल्या खंडपीठावर?" त्याने जपून विचारलं.

"उद्या सकाळी कळेल."

"मग आज अस्वलाबद्दल अवाक्षर नाही." त्याने खोकं टेबलाखाली सरकवलं. "थर्मामीटरचं सांगा. माणूस कशाकशाने तापतो?"

"रस्सा घाईने प्यायल्याने."

"आणि?"

"आगाऊपणाने."

अस्वल सोडून आम्ही सगळं बोललो. त्याची बहीण, माझा मोडलेला साखरपुडा, त्याला न येणारा नाच, मला न येणारा स्वयंपाक. संध्याकाळी तो मला पंचांच्या वसतिगृहापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याचा एक हातमोजा माझ्या हातात होता, आणि मोजा नसलेले आमचे दोन हात… जाऊ दे. दाराशी तो म्हणाला, "तू हसतेस तेव्हा तुझं नाक लाल होतं." तुम्हीवरून तू कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सकाळी मला कामगार-तंट्यांच्या खंडपीठावर बसवलं आणि पहिलाच कागद पुढ्यात आला तो लोथारचा. वर्षाअखेरीचं उत्पादन पुरं करायचं होतं आणि नेमके अस्वलांच्या गुरगुरण्याऐवजी गायींच्या आवाजाचे डबे आले होते. व्यवस्थापकाने 'बसवा तेच' म्हटलं, लोथारने बसवले. परदेशात अस्वलं हंबरू लागली, तशी तक्रार आली आणि व्यवस्थापकाने हात झटकले. लोथारला कामावरून काढलं. खालच्या कोर्टाने त्याला परत घ्यायला सांगितलं, म्हणून कारखाना अपिलात वर आला होता. इथे जो निकाल लागेल तो शेवटचा.

तेवढ्यात दार उघडलं. बगलेत खोकं धरून लोथार आत आला. मला पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, आणि जन्मात भेट झाली नसल्यासारखी त्याने मान खाली घातली.

एक मत त्याच्या खिशात होतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मी उठले तर माझ्या जागी श्टोअरबाई येणार, हे मला माहीत होतं. सूतगिरणीतल्या त्या पंचबाई. शिस्तीत स्वतःच्या भावालासुद्धा सूट न देणाऱ्या. गप्प बस, मी स्वतःला म्हटलं. मग वाटलं, अशा चोरट्या मताने त्याला काम परत मिळालं, तर उद्या त्याच्या डोळ्यांत मी कुठल्या तोंडाने बघणार?

मी उभी राहिले. "बाई, मला या खटल्यात बसता येणार नाही."

न्यायाधीश टिट्शरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नात्यातले आहेत?"

"नाही."

"जुनी मैत्री?"

"कालची."

"मग अडचण काय?"

"दुसऱ्या बाजूचं मी अजून ऐकलेलं नाही, तरी यांनी जिंकावं असं मला वाटतंय. आणि… जिंकोत की हरोत, आज हे मला न भेटता घरी गेले, तर मला फार वाईट वाटेल. असं माणूस निष्पक्ष नसतं ना?"

मागच्या बाकावर कुणी खोकलं. "नसतं," टिट्शरबाई म्हणाल्या, आणि ओठांचा कोपरा त्यांना आवरता आला नाही. "श्टोअरबाईंना बोलवा."

बाहेर बाकावर बसून मी नखं खाल्ली. आतून एकदा हंबरणं आलं. मग श्टोअरबाईंचा खणखणीत आवाज: हे असं पोटात भरताना व्यवस्थापकसाहेब, तुम्ही कुठे होतात? मग पुन्हा हंबरणं, आणि बरंच हसणं. जेवणाच्या सुट्टीनंतर लोथार बाहेर आला. चेहरा पडलेला.

"हरलास?" मी विचारलं.

"जिंकलो. सोमवारपासून कामावर."

"मग असा का दिसतोस?"

"हरलो असतो तर इल्मेनाऊला काम शोधायचं ठरवलं होतं. रात्रभर तेच घोकत होतो. आता मी डोंगराच्या या बाजूला, तू त्या बाजूला."

"बस असते, लोथार."

"शनिवारी असते."

"मग दर शनिवारी मी येईन. तुला काय वाटलं, अख्ख्या कोर्टासमोर एवढं बोलले ती घरी बसायला?"

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "रोझविता, ते तू न्यायाधीशबाईंना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

दारवान आमच्याकडेच बघत होता. त्याला बघू दिलं, आणि लोथारच्या मफलरची दोन्ही टोकं धरून त्याला जवळ ओढून सांगितलं.