कलदांडी

तीन दिवसांत शशिकांत शिंत्रे सरांना वाटेवर एकही माणूस भेटला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना मुळीच पटत नव्हती. गडहिंग्लजच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला हा माणूस. कोथिंबिरीची जुडी आणायला बाहेर पडले तरी चार घरची खुशाली घेऊन परतायचे. लेक केतकीच्या आग्रहाने ते फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्देशच्या डोंगरांत आले होते. चेस्टनटची जंगलं, दगडी बांध, ओढे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या सायकलींच्या वाटा, सगळं त्यांनी नकाशावर कधीच पाहून ठेवलं होतं. नकाशात नव्हतं ते एवढंच, की वाटा रिकाम्या असतील.

"न्याहारीला इथं वीस माणसं असतात," पावाला चेस्टनटचा मुरंबा फासत ते म्हणाले. "सगळी सायकली घेऊन बाहेर पडतात. एकदा वाटेला लागली की एक दिसत नाही. जातात कुठं?"

"तुमच्यापासून लांब," केतकी म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्यापासून. त्याचेच पैसे मोजतात लोक."

माणसांना एकमेकांपासून लांब ठेवणारं यंत्र केतकीनेच बनवलं होतं. सायकलच्या हँडलमध्ये अंगठ्याएवढी मोटर आणि एक छोटा बिनतारी संदेशक. जंगलात दोन सायकली जवळ येऊ लागल्या की त्यांचे संदेशक एकमेकांशी कुजबुजत, आणि दोन्ही हँडलं किंचित कलत, एक इकडे, दुसरं तिकडे. पुढचा ब्रेकही कळेल न कळेल इतका लागे. किती कललं तर स्वाराला जाणवत नाही, हे शोधायला केतकीला दोन वर्षं लागली होती. चाचणीत कोणीही म्हणालं नव्हतं की मला वळवलं. सगळे म्हणाले, आज डावीकडे जावंसं वाटलं. सरांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राला 'कलदांडी' असं नाव ठेवून टाकलं होतं.

पाहुणघराची मालकीण ओदील कॉफी घेऊन आली. साठीची, रोखठोक बाई. या वाटांवरच्या झाडांवर त्रिकोण आणि दोन गोल अशी सायकलवाल्यांची खूण तिच्या नवऱ्याने आखली होती. तो गेला, खुणा राहिल्या.

"तुमचे वडील काय विचारताहेत ते शब्द न कळताही मला कळतं," ती केतकीला म्हणाली. "पूर्वी या डोंगरात अनोळखी माणूस दिसला तरी 'बोंजूर' म्हटल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. आता माझा धंदा दुप्पट झालाय, आणि बोंजूर म्हणायला कोणी नाही."

केतकीने भाषांतर केलं. सर खूश झाले.

"बघ! ही बाई शहाणी हाय. अगं, माणूस भेटणार नसंल तर हिंडायचं कशाला? तुझी आई म्हणायची, केतकीला लहानपणापासनं पाहुणे आले की माळ्यावर बसायची सवय. आता सगळ्या जगाला माळ्यावर बसवलंस."

थट्टाच होती ती. पण तीन दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, सर अखंड बोलत होते. आदल्या संध्याकाळी तर हट्टाने "बंद करून दाखव तुझी कलदांडी, मला फरक बघायचाय" म्हणून त्यांनी तिला अंगणात सायकलवरून चकरा मारायला लावल्या होत्या. केतकीच्या आत काहीतरी तुटलं.

"बाबा, मला एक तास तरी एकटीला राहू द्या हो. फक्त एक तास."

सरांनी मुरंब्याची सुरी बशीत ठेवली. "बरं," ते म्हणाले, आणि पाहुणघराची भाड्याची सायकल घेऊन निघून गेले. फोन टेबलावरच राहिला.

थोड्या वेळाने केतकीही निघाली. तिच्या सायकलला सरांनी गडहिंग्लजहून आणलेली पितळी घंटी होती. वळणावर ती वाजवायची सवय तिला बापानेच लावली होती. पडक्या चॅपलपाशी, म्हणजे जुन्या प्रार्थनाघरापाशी, वाट फुटते. उजवीकडचा फाटा ओढ्याकडे उतरतो, डावीकडचा माथ्याकडे चढतो. तिने घंटी वाजवली, क्षणभर थांबली आणि डावीकडे वळली. माथ्यावरून दरी निळी दिसत होती. कोणी बोलत नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

दुपारच्या जेवणाला सर आले नाहीत. जेवणाची वेळ चुकवणारा माणूस नव्हे तो. ताटावर झाकण ठेवून ओदील दारात उभी राहिली. केतकी आधी चिडली, मग घाबरली. पोलिसांना कळवलं, पण त्यांचं हेलिकॉप्टर पलीकडच्या दरीतल्या वणव्याकडे गेलं होतं आणि माणसं यायला वेळ लागणार होता.

"सायकलीला विचारा ना," ओदील म्हणाली. "कुठे आहे ते तिला ठाऊक असेल."

"तिला ठाऊक आहे. पण ती कोणाला सांगत नाही." कोण कुठे फिरलं याची कुठेही नोंद नाही, हेच तर केतकीच्या कंपनीने विकलं होतं. सायकली फक्त आपसात कुजबुजत आणि लगेच विसरून जात. कोणी पडलं तर खबर द्यावी, असा प्रस्ताव एकदा आला होता. खबर द्यायची तर जागा नोंदवावी लागेल, म्हणून तो बारगळला होता. बारगळवणाऱ्यांत केतकी होती.

पाहुणघरातले सगळे आपापल्या सायकली घेऊन शोधायला निघाले. माणसं चांगली होती, कोणी कुरकुर केली नाही. केतकीने सांगितलं, ओढ्याकडे उतरणाऱ्या सगळ्या वाटा बघा, बाबांना पाणी आवडतं. ती आणि ओदील पायी गावाकडच्या रस्त्याने गेल्या. उन्हं कलताना सगळे परतले. सगळं पाहिलं, कुठेच नाही.

"चॅपलखालची वाट कोणी पाहिली?" केतकीने विचारलं.

सोनेरी दाढीवाला एक तरुण म्हणाला, "मी निघालो होतो तिकडेच. मग वाटलं, तिकडे दुसरं कोणीतरी गेलं असेल, आपण वर जावं."

"मलाही तसंच वाटलं," त्याच्या शेजारची बाई म्हणाली. तिसराही मान हलवू लागला. त्याच्या बाबतीत मात्र चॅपल नव्हतं, ओढ्याकडेच उतरणारी जुन्या गिरणीची वाट होती.

केतकी पायरीवर बसली. बाबांची सायकल कुठेतरी आडवी पडली आहे, आणि दिवसभर इमानेइतबारे प्रत्येकाला सांगते आहे की इकडे माणूस आहे, त्याला एकांत हवा आहे, वळा. शोधायला गेलेला जो जो त्यांच्या जवळ पोचला, तो तो दूर ढकलला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा घालायला सगळ्यांना तिनेच शिकवलं होतं. तिला आठवलं, सकाळी चॅपलपाशी आपणही वळलो. म्हणजे आपल्यालाही हँडलनेच वळवलं! त्या भीतीतही तिला थोडं हलकं वाटलं.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली. हँडल जिकडे जाऊ देत नाही, तिकडेच बाबा आहेत.

"मी एकटी जाते," ती ओदीलला म्हणाली. "बाकी सायकली अंगणातच राहू देत, नाहीतर त्यांची कुजबुज मध्ये येईल. तुम्ही दोर, पाणी आणि दोन धट्टीकट्टी माणसं घेऊन चालत या."

ती सायकलवर बसायला गेली, आणि कलदांडी चालू-बंद करायच्या सीटखालच्या कळीकडे तिचं लक्ष गेलं. भाड्याच्या सायकलींना ती कळ नसते, फक्त बनवणाऱ्यांच्या सायकलींना असते. कळ बंद होती. काल संध्याकाळी बाबांना फरक दाखवायला बंद केली ती, तेव्हापासून बंदच होती.

सकाळीही.

केतकीने सकाळ आठवून पाहिली. चॅपलपाशी थांबल्यावर मनात काय आलं होतं? उजवीकडे ओढा आहे, तिकडे बाबा भेटतील, पुन्हा बोलत बसतील. एवढंच. ओदीलने हाक मारली तेव्हा ती भानावर आली. तिने कळ दाबली आणि पायडल मारलं.

चॅपलपर्यंत हँडल शांत होतं. फाट्यावर ते डावीकडे कललं, इतकं हळू की तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. ती उजवीकडे वळली. उतारावर ब्रेक आपोआप धरू लागला. ओढ्याच्या वर वाट पुन्हा फुटली, तिथे तिने डोळे मिटून तळव्यांना विचारलं आणि हँडल जिकडे ओढत होतं त्याच्या उलट गेली. जसजशी जवळ जाऊ लागली तसतसं ते हट्टी झालं. शेवटी तर दोन्ही हातांनी धरूनही चाक सरळ राहीना. तिने सायकल टाकली, घंटी उपसून हातात घेतली आणि वाजवत खाली धावली.

ढासळलेल्या बांधाखाली, चेस्टनटच्या बुंध्याला टेकून सर बसले होते. एक पाय भलत्याच कोनात वळलेला, ओठ पांढरे पडलेले. सायकलचं पुढचं चाक दगडांत अडकलं होतं आणि हँडलवरचा छोटा निळा दिवा अजून लुकलुकत होता.

"आलीस," ते म्हणाले. आवाज पुटपुटल्यासारखा येत होता. "बरगडीत कळ येतीया. मोठ्यानं हाक मारायला दमच पुरंना."

केतकीने त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि रडायला लागली. सर तिच्या पाठीवर थोपटत राहिले. वरून ओदीलच्या हाका ऐकू येऊ लागल्या.

"दिवसभर सायकली येत होत्या बघ," थोड्या वेळाने सर सांगू लागले. जखमी असले तरी बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "वरपर्यंत यायच्या, चाकांचा आवाज यायचा, की वळायच्या. पहिल्यांदा वाटलं, ऐकून न ऐकल्यागत करतात. फार वाईट वाटलं गं. मग ध्यानात आलं, ह्या बिचाऱ्यांचा काय दोष? ही तुझी कलदांडी."

"बोलू नका बाबा."

"सगळ्यात आधी तुझी घंटी ऐकली. सकाळीच. मी नुकताच पडलो होतो. थांबलीस पण तू. मी म्हटलं, आली माझी पोरगी. आणि गेलीस." त्यांनी तिच्या मुठीतली घंटी बोटाने चाचपली. "तासभर मला वाटत राहिलं, चिडलीय अजून, म्हणून गेली. कायबाय मनात येतं बघ एकट्याच्या."

चेस्टनटच्या पानांतून बॅटऱ्यांचा उजेड खाली उतरत होता. सरांनी मान वर करून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, शाळेत उत्तर ठाऊक असलेला प्रश्न ते विचारायचे तसं, प्रेमाने.

"तुला बी त्या दांडीनंच वळवलं न्हवं, केतकी?"