कार्यक्रमाआधीची सूचना

त्या रेडिओ केंद्राच्या ध्वनिकक्षात दुपारी तापलेल्या यंत्रांचा आणि जुन्या लाकडाचा संमिश्र गंध दरवळत असे. तंत्रज्ञास तो गंध प्राणप्रिय होता, कारण त्यातच त्याच्या थोरल्या भावाचे, म्हणजे निवेदक दादांचे, सारे आयुष्य सरले होते. दादांचा आवाज निघाला की समोरचा न्हावी वस्तरा हातातच धरून उभा राही. बोलण्याआधी दादा पाण्याच्या पेल्यावर हलकेच टिचकी मारीत. ती ऐकली की रस्ताभर लोक म्हणत, "आले दादा!"

दादा निवर्तले आणि केंद्राची रया गेली. अखेर मालकांनी दुपारचा एक तास परक्या सरकारला दिला. त्या सरकारच्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची रिळे सीलबंद डब्यांतून येऊ लागली.

"हे बंद करा, मालक," तंत्रज्ञ म्हणाला.

"अरे, तुझा दादाच काय म्हणायचा? बोलू सगळ्यांना द्यावं, फक्त बोलणारा कोण ते आधी सांगावं. तू सूचना वाचत जा. मिटलं!"

म्हणून प्रत्येक रिळाआधी तंत्रज्ञ ध्वनिक्षेपकासमोर बसून वाची : "हा कार्यक्रम परक्या सरकारचा आहे."

आरंभी गाणी होती, हवामान होते. पुढे त्या परक्या निवेदकाचा स्वर मऊ होत गेला. एका दुपारी त्याने बोलण्याआधी पेल्यावर टिचकी मारली. मग दादांचे ते अर्धवट हसू आले. आणि हळूहळू आवाजच दादांचा झाला.

"दारांना कड्या कशाला?" तो मायेने विचारी. "येणारे आपलेच आहेत."

दादांच्या पश्चात वहिनींनी घरातला रेडिओ माळ्यावर टाकला होता. आता त्या रोज ध्वनिकक्षात येऊन बसू लागल्या.

"वहिनी, तो दादा नव्हे."

"माझ्या नवऱ्याला मी ओळखत नाही होय, भाऊजी? पण तेवढा तास भरल्या घरात बसल्यासारखं वाटतं. आज ती सूचना नका ना वाचू. सगळा विरस होतो बघा."

तंत्रज्ञाचाही जीव त्या आवाजासाठी आसुसला होता. त्या दुपारी त्याने सूचना वाचली नाही. डोळे मिटून तो नुसता ऐकत राहिला.

संध्याकाळी परतताना त्याला रस्त्यावरची सारी दारे सताड उघडी दिसली. माणसे उंबऱ्यांवर बसून दूरच्या वळणाकडे पाहत होती.

"कुणाची वाट बघताय?" त्याने न्हाव्याला विचारले.

"आपली माणसं यायचीत ना! दादा म्हणाले."

"अहो, दादांना जाऊन वर्षं झाली! तो परका आहे!"

न्हावी समजुतीने हसला. "परका असता, तर तू सांगितलं नसतंस?"



दुसऱ्या दिवशी तो निर्धाराने ध्वनिक्षेपकासमोर बसला. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. दाराला आतून कडी होती. रिळाची डबी टेबलावर होती, सील अभंग.

लाल दिवा लागला.

त्याने श्वास घेतला.

कुठेतरी पेल्यावर टिचकी वाजली.

"हा कार्यक्रम परक्या सरकारचा नाही," भिंतीवरच्या कर्ण्यातून त्याचाच आवाज स्वच्छ उमटला. "हा आपल्या घरचा आहे."

त्याचे ओठ अजून उघडलेही नव्हते.

"किती छान सांगितलंत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि उठून त्यांनी दाराची कडी काढली.