चाळीसगावचे अडीच तास

मेलच्या पायरीवर मी एक पाय ठेवला... आणि लगेच काढून घेतला.

"बाई, काय ते ठरवा. सुटायला दोनच मिनिटं आहेत."

आवाज डब्याखालून आला. मी दचकून मागे सरले. चाकांपाशी वाकलेला एक तरुण उभा राहिला. हातात लांब दांड्याची हातोडी, अंगात तेलकट निळा सदरा, आणि केसांवर श्रावणातल्या भुरभुरीचे बारीक थेंब.

"मी... पॅसेंजरनं जाईन."

"तिला अडीच तास आहेत."

"असू देत."

तो गालात हसला. मेल धडधडत निघून गेली.

ही गोष्ट सन चौतीसची. मी जळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. महिन्यातून एकदा धुळ्याजवळच्या आमच्या गावी जायचं आणि रविवारी परतायचं. धुळ्याहून चाळीसगावला येणारी छोटी गाडी बैलगाडीच्या बहिणीसारखी, तिची कुणाला भीती? भीती होती चाळीसगावला बदलायच्या मेलची. उत्तरेकडे कुठेतरी एक जलद गाडी रुळांवरून घसरल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं, आणि गावात दुसरा विषयच उरला नव्हता. इतक्या वेगात म्हणे छातीत वारा कोंडतो. माणूस बसल्या जागी भ्रमिष्ट होतो. शेजारच्या तानुबाई तर सांगत, गर्भारणीनं त्या गाडीकडे बघूसुद्धा नये! माझ्या वडिलांनी, नानांनी, मला शपथच घातली होती. "पोरी, ती गाडी जीव लेवानी शे. तिच्यामा बसू नको."

पुढच्या महिन्यात तो पुन्हा दिसला.

"आजही पॅसेंजर?"

"तुमच्या लक्षात आहे?"

"मेल गेल्यावर या फलाटावर दोनच माणसं उरतात. एक मी... आणि एक तुम्ही."

त्याचं नाव लोटन. गाव अमळनेरजवळ, घरी कापसाची शेती. गाड्यांची चाकं ठोकून तपासणं हे त्याचं काम. मी लोकांचं सगळं भय त्याच्यापुढे मांडलं. तो गंभीर चेहऱ्यानं ऐकत राहिला.

"श्वास कोंडतो? मग मेलचा ड्रायव्हर काय श्वास घरी खुंटीला टांगून येतो?"

मला हसायचं नव्हतं. तरी हसू आलंच.

त्यानं मला बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या डब्याजवळ नेलं आणि चाकावर हातोडी मारली. टण्ण... घंटेसारखा नाद लांबत गेला.

"हे धडधाकट. तडा असला की नुसतं थप्प वाजतं. मेलचं एकेक चाक असं ऐकतो, मगच ती सुटते."

"आणि ऐकताना लक्ष दुसरीकडे गेलं तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातोडीकडे. "म्हणून तर तुम्ही आलात की प्रत्येक चाक दोनदा ठोकतो."

दिवाळीपर्यंत माझी भीती पार गेली. कुणालाच सांगितलं नाही. त्याला तर नाहीच! मेल यायची, मी तिच्याकडे भेदरल्यासारखं बघायची आणि निंबाखालच्या बाकावर जाऊन बसायची. ते अडीच तास... वाऱ्यावर उडणारा कापूस, दूर कुठेतरी डब्यांच्या शंटिंगचा आवाज, आणि त्याचं हळू आवाजातलं बोलणं. सबंध महिना मी त्या अडीच तासांवर काढायची.

माघात पुन्हा कुठल्याशा अपघाताची बातमी आली. या वेळी नानाच माझ्याबरोबर निघाले.

"आते पुरे," ते म्हणाले. "जळगावहून तुनं सामान आनू. नोकरी सोडी दे."

चाळीसगावला मेल उभीच होती. लोटन मला बघून पुढे आला, नानांना बघून थबकला. नानांनी त्याच्या हातातली हातोडी न्याहाळली.

"भाऊ, खरं सांग. ह्या गाडीमा धोका शे का नही?"

माझा जीव टांगणीला लागला. नाही म्हण... नाही म्हण ना!

"शे, नाना," तो म्हणाला. "म्हणून तर माले ठेवेल शे."

आणि तो कामाला लागला. टण्ण, टण्ण, टण्ण... चौथ्या डब्यापाशी तो थांबला. पुन्हा ठोकलं. थप्प. त्यानं लाल निशाण वर केलं.

गार्ड धावत आला. "मेल अडवतोस? तुझी नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. पण हा डबा जाणार नाही."

उतारू बोचकी घेऊन भराभरा खाली उतरले. कुणी त्याला शिव्या देत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. स्टेशनचा साहेब आला, वाकला, चाकावरून बोट फिरवलं. केसाएवढी चीर होती. डबा गाडीपासून सोडवून बाजूला काढेपर्यंत पाऊण तास गेला. नाना सारं उभ्यानं बघत होते. मग त्यांनी स्वतःच माझी पेटी उचलली.

"चाल, बस."

"कशात?"

"मेलमा. नोकरीवर पानी सोडीसन हाऊ पोरगा गाडी थांबाडस. त्यानी तपासेल गाडीमा बसाले कसानं भ्याव?"

"आणि... माझी नोकरी?"

"कर ना. कोन नही म्हणस?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पायरी चढताना डोळे भरून आले. आता कुठले अडीच तास?

लोटन खिडकीशी आला. "भीती वाटते?"

"नाही."

"दिवाळीपासूनच वाटत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "माले बठ्ठं मालूम शे. सगळं."

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही मेलनं गेला असता."

शिट्टी झाली. त्यानं खिडकीचा गज धरला. "मेल इथे दहा मिनिटं थांबते, आणि ती दहा मिनिटं मला चाकांना द्यावी लागतात. तेव्हा... वडिलांना घेऊन तुमच्या गावीच यावं म्हणतो. येऊ?"

गाडी हलली. तो दोन पावलं बरोबर चालला.

"या," मी म्हणाले. "लवकर या!"

मेलनं वेग घेतला. वारा पदर उडवत होता, हरभऱ्याची शेतं हिरव्या रेघेसारखी मागे पळत होती. समोर नाना डोळे गच्च मिटून, बाक दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"पोराचं गाव कोन्तं म्हणनी तू?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

मी तर काहीच म्हणाले नव्हते.

"अमळनेरजवळ," मी हळूच सांगितलं. "घरी कापसाची शेती आहे. धाकटी बहीण आहे. आणि—"

नानांनी एक डोळा उघडला.

"म्हंजे बठ्ठं इचारी लिधं शे!"